निवासगाडीतील नळांचे गोठणे : कारणमीमांसा व प्रतिबंध

शयन, स्वयंपाक व स्नान यांची सोय असलेली निवासगाडी घेऊन भर हिवाळ्यातही मुक्कामास जाण्याचा प्रघात उत्तर अमेरिकेत आहे. कॅनडात रात्रीचे तपमान शून्याखाली १५ ते २० अंश सें. उतरणे ही नवलाची गोष्ट नव्हे. अशा वेळी गाडीतील पाण्याचे नळ फुटतात. ते का फुटतात हे कळल्यावाचून उपायांची योजना यथार्थपणे करता येत नाही.

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते व बर्फ नळाची भिंत रेटून फोडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा होय. पुढील वाट मोकळी असेल तर वाढणारे बर्फ पाण्यास पुढे सारते व बहुधा हानी होत नाही. परंतु बर्फाचा खुंटा व बंद तोटी यांच्या दरम्यान पाणी कोंडले, म्हणजे ते फारसे दबत नसल्यामुळे बर्फाच्या प्रत्येक थराबरोबर दाब झपाट्याने चढतो. दाबाने गोठणबिंदू उतरतो हे खरे. तथापि उणे ५ अंशांस गोठण थांबावयास सुमारे ६०० वातावरणांइतका दाब लागेल. नळ व सांधे त्याच्या कितीतरी आधी निकामी होतात. म्हणूनच फूट पुष्कळदा बर्फापासून दूर, न गोठलेल्या भागात आढळते.

यावरून प्रतिबंधाचे तीन मार्ग निघतात : पाण्यास उष्णता पुरविणे, त्यास वाट मोकळी ठेवणे, अथवा पाणीच काढून टाकणे.

पहिल्या मार्गात एक फसगत संभवते. अनेक गाड्यांत टाक्या फरशीखाली असून वायूवर चालणाऱ्या भट्टीची उष्ण हवा तेथपर्यंत नेलेली असते. वायू वाचविण्यासाठी प्रवासी खोलीत विजेची शेगडी लावतो. खोली उबदार होते, त्यामुळे तपमान-नियंत्रक भट्टी सुरू करीत नाही, आणि फरशीखालील नळ गोठतात. शेगडी भट्टीच्या जोडीस असावी, तिच्या जागी नव्हे. ओट्याखालील कपाटांची दारे उघडी ठेवल्यास खोलीतील ऊब आतील नळांस पोहोचते.

बाहेरील रबरी नळीने आतली टाकी भरून घेऊन ती नळी सोडवून रिकामी करावी. सांडपाण्याची झडप सतत उघडी ठेवू नये. बारीक धार वाटेतच गोठून नळी तुंबते. पाणी साठल्यावर एकदम सोडणे श्रेयस्कर.

गाडी बंद ठेवावयाची असल्यास टाक्या व पाणी तापविण्याचे पात्र रिकामे करून, ते पात्र वगळून, नळांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गोठणरोधक द्रावण भरतात. नळांत पाणी शिल्लक राहिल्यास द्रावण पातळ होऊन त्याचे संरक्षण घटते. मोटारीच्या इंजिनात सामान्यतः वापरतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने येथे सर्वथा वर्ज्य होय.

इतके करूनही नळ गोठलाच, तर प्रथम तोटी उघडावी व तोटीकडून आरंभ करून सौम्य उष्णता द्यावी. ज्योत कदापि लावू नये. कोंडलेल्या पाण्यास वाट देणे, हेच सर्व उपायांचे सार होय.