कानातील कोलेस्टिॲटोमा: सीटी स्कॅन झाल्यावर पुन्हा एमआरआय कशासाठी?

कान वारंवार वाहतो, स्रावाला घाण वास येतो, ऐकू कमी येते. तपासणीत कोलेस्टिॲटोमा निघाला, सीटी स्कॅनही झाला. आता डॉक्टर एमआरआय सांगत आहेत. मग 'पुन्हा खर्च कशाला?' असे वाटणे साहजिक आहे.

हा आजार काय आहे?
कोलेस्टिॲटोमा म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा पडद्याची त्वचा आत ओढली जाऊन पिशवी तयार होते आणि तिच्यात मृत त्वचेचा थर साचत जातो. ही पिशवी ऐकण्याची नाजूक हाडे झिजवते. दुर्लक्ष केल्यास चक्कर, चेहऱ्याचा लकवा, क्वचित मेंदूपर्यंत संसर्ग होऊ शकतो. औषधांनी कान कोरडा होतो, पण पिशवी जात नाही. म्हणून शस्त्रक्रिया करावी लागते.

दोन्ही तपासण्या का?
सीटी स्कॅनमध्ये हाड किती झिजले, हे उत्तम दिसते. पण पू, सूज आणि कोलेस्टिॲटोमा त्यात सारखेच राखाडी दिसतात. 'डिफ्युजन' प्रकारच्या एमआरआयमध्ये साचलेली त्वचा पांढरी चमकते, साधा द्रव सहसा चमकत नाही. त्यामुळे आजार नेमका कुठवर पसरला आहे, हे आधीच कळते. कानाच्या नळीतून दुर्बिणीने काम भागेल की कानामागचे हाड उघडावे लागेल, हे ठरवायला मदत होते. कानासाठी यातला 'नॉन-ईपीआय' प्रकार अधिक उपयोगी असतो. तो तुमच्या केंद्रात होतो का, हे आधी विचारा.

मर्यादा
सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा लहान कोलेस्टिॲटोमा निसटू शकतो. पिशवी नुकतीच साफ केली असेल, तरीही तो दिसत नाही. उलट, कानातला मळ कधी कधी तसाच चमकतो. म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' आला तरी कानाची तपासणी आणि ठरलेल्या भेटी टाळू नका. शस्त्रक्रियेनंतर आजार उरला का, हे पाहण्यासाठीही हाच एमआरआय वापरतात. त्यामुळे काही रुग्णांची दुसरी शस्त्रक्रिया टळते.

तपासणीला जाताना
या तपासणीत क्ष-किरण नसतात आणि फक्त डिफ्युजन एमआरआयसाठी इंजेक्शनही लागत नाही. मशीनचा आवाज मोठा असतो, त्यासाठी कानाला संरक्षण देतात. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा शरीरात कुठलाही धातू असल्यास आधी सांगा. श्रवणयंत्र बाहेर काढून ठेवा. जुना सीटी स्कॅन सोबत न्या.

चेहरा वाकडा होणे, तीव्र चक्कर, ताप येऊन असह्य डोकेदुखी, यांपैकी काहीही झाल्यास एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.