जॅकेट पायाशी नको, अंगावर हवे

२१ मे २०२४ च्या सायंकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सातपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा बुडाले. त्यांत दोन चिमुकली होती. उजनी सोलापूरकडची म्हणून बीडकरांनी ही बातमी परकी मानू नये. माजलगाव, मांजरा, बिंदुसरा भरले की सहली निघतात आणि ओळखीपाळखीने मासेमारीच्या होडीतून एखादी चक्कर होतेच. जॅकेट असलेच तर ते बसायला घेतलेले असते!

‘मला पोहता येतं’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात पोहायला उतरलेले एक डॉक्टर बुडाले. त्यांचा शोध घेताना कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातील जवानाचाही मृत्यू झाला. तो तर पाण्यातल्या कामासाठीच आलेला होता.

शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. छातीत हवा भरलेली असली तरी माणूस जेमतेम तरंगतो. नाक-तोंड वर राहायला साधारण चार-पाच किलोंचा आधार कमी पडतो. चांगले जॅकेट सात किलो किंवा त्याहून जास्त देते. शिवाय अचानक गार पाण्यात पडल्यावर श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही गुदमरतो. बुडताना जॅकेटचे पट्टे बांधायला हात मोकळे नसतात.

काठावरच जॅकेट घालून पट्टे आवळावेत आणि कुणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. कानापर्यंत सरकले तर ते सैल आहे. मोठ्यांच्या जॅकेटमधून लहान मूल खाली निसटते. त्याला त्याच्या मापाचेच हवे. सेल्फीसाठी सगळे उभे राहून एका कडेला झुकले, की भार वर आणि बाजूला जातो, होडी कलंडते. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचे ढग दिसले, तर चक्कर राहू द्यावी.

बाहेर काढलेल्याचे पोट दाबणे, त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे अजून गावोगाव चालते. त्यात वेळ जातो आणि पोटातले श्वासनलिकेत शिरते. श्वास थांबला असेल तर १०८ ला कळवायला एकाला सांगावे. दुसऱ्याने लगेच तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे.