पन्नास मिलिसेकंदांचा रविवार

पहाटे ५.३०
नांदेडात एप्रिलअखेर गच्चीवरच्या खोलीत बसवेल अशी हीच काय ती वेळ. भिंती अजून कोमट आहेत, पण प्रोसेसर ४८ अंशांवर निवांत आहे. आधी रात्रीचा बॅकअप तपासतो, मग माइनक्राफ्टचा सर्वर बंद करून पुन्हा उठवतो. हा सर्वर जावावर चालतो. मेमरीत साचलेला कचरा जावा स्वतःच झाडत असतं, पण मोठी झाडणी निघाली की सगळा खेळ क्षणभर थबकतो. ते आज दुपारी नको.

आजच का, तर लातूरच्या क्लासची रविवारची टेस्ट एकला सुटते. होस्टेलवर आठवडाभर जमा असलेले मोबाइल त्यानंतर चार तास पोरांच्या हातात येतात. बारावीला मी स्वतः लातुरात राहिलो आहे. त्या चार तासांची किंमत मला ठाऊक आहे. माझ्या मशीनपायी त्यातली दहा मिनिटं जरी गेली तरी मला रात्री झोप लागत नाही.

सकाळी ९
झाकण उघडलं. हीटसिंकच्या पत्र्यांत धुळीची राखाडी वाकळ बसलेली. पंखा बोटाने धरून ठेवला, म्हणजे ब्लोअरच्या वाऱ्याने तो गरगरणार नाही, आणि फटीफटीतून धूळ काढली. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. स्पिरिटच्या कापडाने ती पुसली आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी लावून हीटसिंक परत कसला. खोलीत कूलर आहे, पण त्याचं तोंड दाराकडे. ओली हवा आणि बोअरच्या पाण्याचे थेंब मशीनवर गेले की पांढरे डाग पडतात, ते मी एकदा भोगलंय.

सकाळी ११
विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक पोरगा आला. त्याला स्वतःचा सर्वर लावायचाय.
“दादा, जुनं झिऑन स्वस्तात भेटायलंय. चौदा कोर! तुमच्याकडं तर सहाच हाईत.”
त्याने मोबाइलवर दाखवलं: ई-५ २६८० व्ही-४, २०१६ सालचा. चौदा कोर खरे, पण वेग २.४ गिगाहर्ट्झ, ताण काढला तर एका कोरला ३.३ पर्यंत. माझा रायझन ५ ५६०० सहा कोरचा, पण एक कोर ४.४ पर्यंत पळतो. शिवाय २०२२ चा असल्याने प्रत्येक ठोक्याला कामही जास्त उरकतो.

त्याला म्हटलं, अडतीवर चौदा हमाल लाव, पण मापाडी एकच असेल तर माल किती वाजता मोकळा होईल? मापाडी जेवढा चपळ, तेवढा. माइनक्राफ्टचं जग सेकंदाला वीस वेळा पुढे सरकतं, त्या प्रत्येक पावलाला टिक म्हणतात. म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात प्रत्येक गाय, गावकरी, पाणी, बाण, पिकाचं रोप यांचा हिशेब लागला पाहिजे, आणि तो मुख्यतः एकाच धाग्यावर, एकाच कोरवर लागतो. नेटवर्क, चॅट, नव्या जमिनीची आखणी ही हमाली इतर कोर वाटून घेतात. पण एकाच पेटीतला हिरा दोघांनी एकदम उचलला तर आधी कोणी उचलला, हे एकानेच ठरवावं लागतं. दोघांनी ठरवलं की हिरे दोन होतात.

“मग कोर जास्त असून उपयोगच नाही?”
आहे, वेगवेगळे खेळ एकत्र ठेवायचे असतील तर. माझ्याकडे काउंटर-स्ट्राइकचा सर्वरही आहे. तो सेकंदाला ६४ टिक मारतो, म्हणजे एका टिकला जेमतेम साडेपंधरा मिलिसेकंद. त्याला मी वेगळा कोर बांधून दिलाय. पण सगळे कोर एकदम कामाला लागले की उष्णता वाढते आणि प्रत्येकाची धाव थोडी आखडते, हेही त्याला सांगितलं. तो झिऑन घेणार नाही असं वाटतं.

दुपारी १.४०
पोरं येऊ लागली. बारा, वीस, एकतीस. बहुतेक मोबाइलवरून, गायझर नावाच्या प्लगइनमुळे; एरवी मोबाइलचा माइनक्राफ्ट या सर्वरशी बोलूच शकत नाही.

दुपारी २.१०
वीज गेली. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असल्याने मशीनला कळलंही नाही.

दुपारी ३.२०
बाहेर ४३ अंश. चॅटवर ओरड: “दादा लॅग मारायलंय!” पोरं दोन निराळ्या दुखण्यांना हे एकच नाव देतात. नेट अडखळलं तर एकटाच अडखळतो. लातूर ते नांदेड रस्त्याने अहमदपूर-लोह्यावरून तीनेक तास, पण कंपन्या वेगळ्या असल्या की नेटचं पाकीट बऱ्याचदा मुंबईला वळसा घालून येतं. त्यावर माझा इलाज नाही. टिक लांबली तर मात्र सगळ्यांचंच जग जडावतं. फोडलेली वीट परत जागेवर येते, गाई जागच्या जागी चालतात. मी विचारलं, “वीट परत यायलीय का?” सात जणांनी हो म्हटलं. म्हणजे दोष माझ्याकडे.

तापमान ७४. सकाळची पेस्ट कामाला आली, वेग पडलेला नाही. सरासरी टिक ३६ मिलिसेकंद, कागदावर ठणठणीत. पण मी सरासरी पाहत नाही. शंभरातल्या सगळ्यात वाईट पाच टिक पाहतो, आणि त्या ७० च्या पुढे होत्या. पोराला बसतो तो धक्का त्या पाचांचाच.

स्पार्क लावलं. कुठल्या कामात किती वेळ जातो हे ते उलगडून दाखवतं. दोन मिनिटांत सापडलं: एका कोपऱ्यात लोखंडाचा कारखाना, एका खोलीत कोंबलेले साठ गावकरी, खाली नव्वद हॉपर, म्हणजे पडलेला माल गिळून पुढे सरकवणारी नरसाळी. गावकरी सतत वाट शोधतात, प्रत्येक वाटेचं गणित. उघडा हॉपर, वर काही पडलंय का, हे पुन्हापुन्हा पाहत राहतो.

मालक औश्याचा पोरगा. त्याला खाजगीत लिहिलं. 
“दादा, तोडू नका ना. तीन रविवार लागलेत मला.”
तोडणार नव्हतोच. चाळीस गावकरी रिकाम्या गावात हलवायला सांगितले आणि जे हॉपर नुसता माल पुढे सरकवतात त्यांच्यावर एकेक कंपोस्टर, म्हणजे खताचं पिंप, बसवायला. वर पेटीसारखं काही असलं की हॉपर पडलेल्या वस्तू शोधत बसत नाही. कामाला त्याचे दोन मित्र धावले.

दुपारी ४.१५
त्या वाईट पाच टिक ४४ वर. खेळाडू अडतीस. चॅटवर कोणी काही बोलत नाही, सगळे खेळतायत.

सायंकाळी ५.३०
मोबाइल परत द्यायची वेळ. नावं एकेक करून विझू लागली. औश्याच्या पोराने जाताना लिहिलं, “दादा, वीस गावकरी पुरतात की.”

रात्री १०
सर्वरवर एकच जण उरलाय, नोकरीवरून आलेला जुना गडी, वांग्याच्या वाफ्यासारखा गहू लावत बसलाय. टिक ३ मिलिसेकंद. पहाटे चारच्या बॅकअपची वेळ तपासली, खिडकी उघडली, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं.