कूलरची तिसरी तार

होळी आटोपली की चंद्रपुरात वेल्डिंगच्या दुकानांपुढे जस्ती पत्र्याचे चौकोनी डबे रांगेत उभे राहू लागतात. तीन बाजूंना जाळ्या, चौथ्या बाजूला पंख्याचं गोल तोंड, खाली पाण्याची टाकी. रंग ओला असतानाच गिऱ्हाईक येतं आणि ठरलेले प्रश्न विचारतं: पत्रा जाड आहे ना? मोटर तांब्याच्या वाइंडिंगची ना? गवत चांगलं भरलंय ना? डब्यावर कुठल्या कंपनीचं नाव नसतं. पत्रा कापणारा एक, मोटर दुसऱ्याची, पंप तिसऱ्याचा, आणि सगळं जुळवून खिडकीला लावणारा मिस्त्री चौथा. चौघांच्या हातून गेलेलं हे यंत्र घरात बसतं, तेव्हा त्याची एकत्र तपासणी कोणीच केलेली नसते. ती व्हायची असेल तर बसवणाऱ्याच्याच हातून होते. मार्चमध्ये अशाच एका मिस्त्रीसोबत घरोघर फिरलो, ते ही तपासणी नेमकी कशी होते हे पाहायला.

या भागात कूलर ही चैन नाही. मे २०१९च्या अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता, आणि ४५-४६ तर इथे दर उन्हाळ्याचे आकडे. गावाला लागून ऊर्जानगरला २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, आणि त्यापलीकडे जंगल. जंगलाच्या कडेच्या गावांत एक बदल झाला आहे. पूर्वी उन्हाळ्याच्या रात्री खाटा अंगणात यायच्या. ताडोबाच्या आसपासच्या गावांत आता वाघ-बिबट्याच्या भीतीने माणसं दार लावून आत झोपतात. बंद खोलीत मे महिना काढायचा तर कूलर लागतोच.

तो इथे चालतो, कारण हवा कोरडी असते. पाण्याची वाफ होताना उष्णता लागते. एक लीटर पाणी सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. ती ओल्या गवतातून ओढल्या जाणाऱ्या हवेतून येते, म्हणून हवा गार होते. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १० टक्के असेल, तर गवत नीट भिजलेल्या कूलरमधून साधारण २७-२८ अंशांची हवा मिळते. पावसाळ्यात ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली, की तोच कूलर जेमतेम तीन-चार अंश उतरवतो आणि वर अंग चिकट करतो. दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या घरात वीज खातो. लोखंडी कूलरची मोटर आणि पंप मिळून दोनशेच्या आसपास. गरिबाघरचा हा थंडावा असा स्वस्त आहे. पण त्यात पाणी आणि २३० व्होल्टची वीज एकाच पत्र्याच्या डब्यात, एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवलेली असतात.

तुकूम भागातल्या पहिल्या घरी मिस्त्रीने कूलरला हात लावण्याआधी स्टँड पाहिलं. साठ लीटरची टाकी भरली की नुसतं पाणीच साठ किलो. पुष्कळ घरांत कूलरचा पुढचा काठ खिडकीच्या गजांवर टेकवलेला असतो. गज वाकतात, डबा पुढे झुकतो आणि पाणी खोलीत येतं. स्टँडचे चारही पाय जमिनीवर पक्के बसले पाहिजेत, आणि डब्याला किंचित उतार हवा तो बाहेरच्या, म्हणजे पाणी काढायच्या तोटीच्या बाजूला. कूलर खिडकीबाहेर हवा, त्याच्या जाळ्यांना तिन्ही बाजूंनी मोकळी हवा मिळायला हवी. घरात ठेवलेला कूलर तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो.

मग त्याने खोलीचं समोरचं दार उघडायला लावलं. घरच्या ताईंना ते पटेना. “गार हवा बाहेर जाईल ना!” मिस्त्री म्हणाला, “जाऊ द्या न जी. आतली निघन तवाच बाहेरची येईन.” कूलर हवा ढकलतो, ढकललेल्या हवेला वाट नसेल तर पंखा नुसता घोंगावतो आणि भिंतींना ओल येते. थंडीत याच घरांत हीच चूक होते. डिसेंबरच्या रात्री शेगडी आत घेऊन दारं-खिडक्या गच्च लावल्या जातात. कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास, आणि झोपेतला माणूस उठत नाही. उन्हाळ्यात बंद खोलीची शिक्षा घामाची असते, हिवाळ्यात जिवाची. खोलीला वाट हवी, हा नियम दोन्ही ऋतूंत एकच.

गवत बदलणं, पंपाची जाळी धुणं, नळीची छिद्रं तारेने मोकळी करणं ही कामं त्याने भराभर उरकली. बोअरच्या जड पाण्याने मागच्या वर्षीच्या गवतावर पांढरा थर धरला होता. मग वायरपाशी येऊन तो थांबला आणि पुढचा बराच वेळ तिथेच रमला.

कूलरला आलेली वायर दोन तारांची होती आणि टोकाला दोन काट्यांची पिन. चालायला कूलरला एवढं पुरतं: एक फेज, एक न्यूट्रल. तिसरी, अर्थिंगची हिरवी तार थंडाव्यात काहीच भर घालत नाही, म्हणून ती सगळ्यात आधी गळते. मिस्त्रीने जुनी वायर काढली, तीन तारांची अखंड वायर घेतली आणि हिरव्या तारेचं टोक डब्याच्या पत्र्याला नट-बोल्टने कसलं. त्याआधी तेवढ्या जागचा रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा उघडा केला. रंगावर कसलेली तार दिसायला जोडलेली असते, पण रंग वीज वाहून नेत नाही. पंपाची अर्थ तारही त्याच बोल्टला आली. वायरला मध्ये कुठेही जोड नाही. बोर्डाकडे जाताना तिला खाली झोल दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, सॉकेटात शिरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड त्याने जमिनीवरून उचलून सरळ बाजूला ठेवला.

धोका बहुधा पंपातून येतो. टाकीतलं पाणी संपलं आणि पंप कोरडा फिरत राहिला, की त्याचं वाइंडिंग तापतं, आवरण करपतं. पुन्हा पाणी भरलं की फेज पाण्यात आणि पाण्यातून पत्र्यात उतरते. कूलर मात्र चालूच राहतो. हवा तशीच गार येते. मग घरातलं कोणीतरी ओल्या हाताने, अनवाणी, पाणी किती उरलं ते पाहायला डब्याला हात लावतं. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेलं सुटत नाही. पन्नासच्या पुढे हृदयाची लय बिघडू शकते. आणि बोर्डातला एमसीबी सोळा अँपिअरचा, म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअरचा. माणूस मरायला जेवढा प्रवाह लागतो, त्याची एमसीबीला दखलही नसते. तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो, माणसासाठी नव्हे.

कूलर लाकडाच्या पाटावर किंवा रबरी बुडाच्या स्टँडवर ठेवला की शॉक लागत नाही, हा इथला आवडता समज. मिस्त्रीने तो दोन वाक्यांत मोडला. “लाकडानं करंट जमिनीत जात नाही, खरं हाय. मंग तो कुठून जाईन? तुमच्यातून.” पत्र्यात उतरलेल्या विजेला हिरव्या तारेची वाट नसेल आणि स्टँडचीही नसेल, तर डब्याला हात लावणारा माणूस हीच तिची पहिली वाट ठरते.

पुढचा प्रश्न हा, की हिरवी तार जाते कुठे. बोर्डात तिसरं भोक आहे म्हणजे त्यामागे अर्थिंग आहे, असं नाही. मिस्त्रीने सॉकेट खोललं. कधी आत तारच नसते. कधी ती नळाच्या पाइपाला बांधलेली असते. पाइप पूर्वी लोखंडी होते, आता प्लास्टिकचे आहेत. सगळ्यात वाईट म्हणजे अर्थचं भोक आतल्या आत न्यूट्रलला जोडलेलं. ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं, पण खांबाकडून येणारी न्यूट्रल वाऱ्या-वादळात तुटली, की घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूच्या अंगात पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात.

त्याच्या पिशवीत एक होल्डर, त्यात बल्ब आणि दोन तारा होत्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब पेटला. फेज आणि अर्थमध्येही पेटायला हवा. नाही पेटला तर अर्थिंग नाही. पेटला तरी मिस्त्री फार खूश होत नाही. बल्बला प्रवाह कमी लागतो. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध पन्नास ओहम असला तरी तो जवळपास तितकाच उजळतो. तार तुटलेली नाही, एवढंच त्यातून कळतं. खरा आकडा अर्थ टेस्टर देतो आणि तो घरगुती कामं करणाऱ्याकडे क्वचितच असतो. (ही तपासणी जाणत्या वायरमननेच करावी, जिवंत फेज हातात घेऊन करायचा हा प्रयोग नव्हे.)

या भागात दुसरी अडचण जमिनीची. अर्थिंगचा खड्डा म्हणजे जमिनीत खोल उभा केलेला लोखंडी पाइप आणि त्याभोवती कोळसा-मीठ. त्याचा रोध मातीच्या ओलीवर ठरतो. पावसाळ्यात उत्तम असलेला खड्डा एप्रिल-मेमध्ये सुकतो, आणि कूलर चालतो तो नेमका त्याच महिन्यांत. वीस ओहमच्या खड्ड्यातून २३० व्होल्टला साडेअकरा अँपिअरच वाहतात. सोळाचा एमसीबी पडणार नाही, डबा करंटातच राहील. म्हणून खड्ड्यात दर आठ-पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी ओतायचं.

आणि म्हणूनच तो प्रत्येक घरात आरसीसीबीचा आग्रह धरतो. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांचा हिशेब हे उपकरण सतत ताडून पाहतं. तीस मिलिअँपिअरची जरी तूट आली, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्याच वाटेने गेली, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ते पुरवठा तोडतं. खड्डा थोडा सुकलेला असला तरी त्याचं काम भागतं. त्यावरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. जुन्या वायरिंगच्या घरात ते वारंवार पडतं, आणि ‘रोजची कटकट’ म्हणून लोक ते बाजूला करून थेट जोड देतात. खरं तर ते पडत होतं, म्हणजे कुठे तरी गळती होती.

गडचिरोलीकडे गेलं की चित्र आणखी कठीण होतं. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतांश जंगलाचा. जाड मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर असलेली घरं मुळात सिमेंटच्या घरांपेक्षा गार. पण तिथेही कूलर पोचले आहेत, बऱ्याचदा चंद्रपूरच्याच दुकानांतून, गाडीच्या टपावर बांधून. घरात एक मीटर, एक बोर्ड, त्यातून तीन-चार जोड, आणि अर्थिंगचा पत्ता नाही. व्होल्टेज कमी असलं की मोटर गुरगुरते, फिरत नाही, तापते. दोन्ही जिल्ह्यांत रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात वीज सोडतात आणि तिच्यात वाघ मरतात, माणसंही मरतात. त्या तारेला लोक बरोबर भितात. खिडकीतल्या डब्यात तीच वीज असते, हे कोणाच्या लेखी नसतं.

घरच्यांना मिस्त्री जाताना तीन गोष्टी सांगतो. पाणी भरायचं किंवा डब्याला हात लावायचा तर आधी पिन काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बंद करूनही फेज डब्यात राहते. लहान मुलांना जाळीशी खेळू द्यायचं नाही. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची. ही शेवटची गोष्ट डेंग्यूसाठी: एडिस डासाची अळी आठ-दहा दिवसांत डास होते, आणि त्याची अंडी कोरड्या पत्र्याला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही.

अर्थिंग नसलेल्या घरी हा मिस्त्री कूलर बसवतो, पण पिन जोडत नाही. आधी खड्डा करा, मग बोलवा. लोक चिडतात. दुसरा कोणी दहा मिनिटांत दोन काट्यांची पिन लावून देतो, आणि त्या रात्री घर गार होतं. मिस्त्रीच्या बिलात ‘अर्थिंग तपासणी’ अशी वेगळी ओळ असते, आणि घासाघीस नेमकी त्याच ओळीवर होते. गवताचे, मोटरीचे पैसे कोणी कापत नाही. मिस्त्री ती ओळ बिलातून काढून मजुरीत मिसळू शकला असता. तो मुद्दाम तसं करत नाही. “भांडू द्या जी,” तो म्हणाला, “भांडले म्हंजे वाचलं तरी.”