माठ वाजवून घेतो, मग घर?

माठ घेताना आपण तो बोटानं वाजवून बघतो. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारा इंजिनीअर जवळजवळ हेच करतो. फक्त त्याच्या यंत्राचा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही.

वरच्या काकूंनी खलबत्त्यात वेलदोडे कुटले की ठकठक दोन मजले खालीसुद्धा येते. स्लॅब, बीम, खांब सगळं एकसंध, ठोका त्यातूनच पसरतो. आणि धावतो तरी किती! हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, चांगल्या काँक्रीटमध्ये सुमारे ४ किलोमीटर.

अल्ट्रासॉनिक चाचणीत खांबाच्या समोरासमोरच्या बाजूंना ग्रीस लावून दोन प्रोब टेकवतात. एकातून निघालेली ध्वनिलहर ३० सेंटीमीटरचा धडधाकट खांब ७५ मायक्रोसेकंदांत पार करते. आत भेग असेल तर तिला वळसा पडतो, वेळ वाढतो. सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली वेग आला, की काँक्रीटची अवस्था वाईट समजायची.

आपल्या वसई-विरारमध्ये हे सांगायला कारण आहे. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, गणपती यायच्या तोंडावर, विरार पूर्वेच्या विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण गेले. इमारत अनधिकृत होती. आणि वय? जेमतेम १३ वर्षं! महापालिका कायद्यात ऑडिटची सक्ती आहे ती ३० वर्षांवरच्या इमारतींना. तेव्हा ‘आमची बिल्डिंग नवीच आहे हो’ यावर निर्धास्त राहू नका.

गाडं अडतं ते घरात. चाचणीसाठी प्लास्टर काढावं लागतं. मग ‘रंग आत्ताच झालाय, शेजारी बघा’ म्हणून इंजिनीअरला दारातूनच वाटेला लावलं जातं. स्वयंपाकघर-बाथरूमजवळच्या खांबांत पाणी मुरतं, सळ्या गंजून फुगतात, काँक्रीट तडकतं. नेमके तेच खांब आपण टाइल्स आणि ट्रॉल्यांमागे दडवलेले! तिथे त्याला जाऊ द्या.

अर्थात ओल्या काँक्रीटमध्ये वेग जास्त दिसतो, सळईच्या कडेनं लहर गेली तरीही. म्हणून हॅमरची चाचणी, गरज पडली तर काँक्रीटचा नमुना काढून तपासणंही हवं. रिपोर्ट आला की शेवटचा ‘सुरक्षित’ हा शेरा तेवढा वाचू नका. तक्ता मागा: किती खांब तपासले, कुठले, वेग किती आला. एका विंगचे चार खांब बघून चार विंगांना दाखला दिला असेल, तर सभेत उठून विचारा. सेक्रेटरी कुरकुरतील, कुरकुरू देत.