निम्मीच बॅटरी आपली

तिसगावपासून समुद्र दूर. पण घरात इन्व्हर्टर असेल, तर शिडाच्या नौकेवरचे विजेचे गणित आपल्याला परके नाही. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी नौका वाऱ्यावर चालते. दिवे, रेडिओ, सुकाणू सांभाळणारे यंत्र यांना मात्र वीज लागते, आणि भर समुद्रात वायरमन कुठला?

म्हणून निघण्याआधीच खर्च मांडावा लागतो. समजा, सुकाणूचे यंत्र ४ अँपिअर घेते. चोवीस तासांचे झाले ९६ अँपिअर-तास. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते. म्हणजे या एका यंत्रासाठीच सुमारे २०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी.

घरी हेच करून पाहा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्मी वीज म्हणजे ९०० वॅट-तास. ७५ वॅटचा पंखा आणि ९ वॅटचे दोन दिवे, इन्व्हर्टरची तूट धरून, आठेक तास चालतील. वर ८० वॅटचा टीव्ही लावला, की तास जवळपास निम्मे!

खरी गोम चार्जिंगमध्ये आहे. बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरते. उरलेले वीस टक्के तासन्‌तास घेतात. नौकेवर पहिला टप्पा इंजिनावर उरकून उरलेले काम सौर पॅनेलवर सोपवता येते. आपल्याकडे तेवढ्यात वीज पुन्हा जाते. सतत अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. मग कितीही डिस्टिल्ड वॉटर घाला, ती पूर्वीसारखी चालत नाही. भारनियमनाच्या दिवसांत टीव्ही बंद ठेवलात, तर बॅटरी कमी उतरेल आणि मिळालेल्या वेळात पूर्ण भरेल.