महिना भरायच्या आत

सोयाबीनची सोंगणी आटोपली की वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाच्या आसपासच्या तांड्यांवर मुकादमाच्या फेऱ्या वाढतात. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि खर्चूनही झालेली असते. आता ती कारखान्यावर ऊस तोडून फेडायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. या हिशेबात लेकरं कुठंच धरलेली नसतात, पण ट्रकात तीही चढतात. थोरली मुलगी असेल तर कोपीतली चूल आणि धाकटा भाऊ आपसूक तिच्या गळ्यात पडतो.

सहा ते चौदा वयाचं मूल सलग महिनाभराहून जास्त गैरहजर राहिलं की सरकारी व्याख्येत ते शाळाबाह्य ठरतं, पटावर नाव असलं तरीही. म्हणून खरं काम ट्रक हलायच्या आधीच उरकावं लागतं. ते कसं चालतं हे पाहायला मी इथल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींच्या मागे तांड्यावर फिरलो.

गुरुजींच्या पिशवीत एक लांबट वही होती. प्रत्येक पोराच्या नावापुढे बापाचा मोबाईल नंबर, कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा नंबर. मुकादमाचा कशाला, असं मी विचारलं. "बापाचा फोन रिचार्ज संपला की बंद. मुकादमाचा कधीच बंद नसतो."

एका ओट्यावर म्हातारी तुरीच्या काड्या मोडत बसली होती. सून-लेक चार दिवसांत निघणार होते, दोन नातवंडं शाळेत होती. गुरुजींनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही काढलं नाही. "आजी, पोरं ठेवता ना?" एवढंच विचारलं.

"ठेवतो नं गुरुजी. पन मले रातचं दिसत नाई. सांजच्याले भाकरी कोन टाकीन?"

पुढची सगळी बोलणी त्या भाकरीवरच झाली. हंगामी वसतिगृह म्हटलं की इमारत डोळ्यांपुढे येते, पण बहुतेक ठिकाणी ते असं असतं: पोरं झोपायला आजी-आजोबांकडे आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत. दुपारची खिचडी असतेच. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढत प्रस्ताव जिल्ह्याला जातो, आणि त्यासाठी नावं आधी हवीत. तरीही गेलंच एखादं पोर, तर त्याच्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्यायचं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेनं बसवून घ्यायचं. तसाही शिक्षण हक्क कायद्यानं दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही.

म्हातारीची एक अट अजून बाकी होती. रात्री ताप भरला तर? दोन घरं सोडून आशाताई राहत होत्या. गुरुजींनी त्यांना तिथंच हाक मारून बोलावलं आणि दोघींना समोरासमोर बसवलं. आशाताई म्हणाल्या, "माय, मले फकस्त आवाज दे." झालं. कार्यशाळांमधून ज्याला 'समन्वय' म्हणतात, तो मला त्या ओट्यावर दिसला, चहा यायच्याही आधी.

दुसरं घर गावातलं. तिथली गोष्ट निराळी आणि जड. पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांची नावं शेतकरी आत्महत्यांसोबत घेतली जातात, त्यांत वाशीम आहे. 2006 च्या शासन निर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, पण आधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. या घरचं 'अपात्र' ठरलं होतं. बाईंनी तो शब्द असा मनावर घेतला होता की आता आपल्याला कुठूनच काही मिळायचं नाही. बालसंगोपन योजना मात्र बाप कशानं गेला ते विचारत नाही. आई किंवा बाप नसलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. हे घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

मग कागद. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, पासबुक. त्यातलं काही मालेगावच्या तहसीलला, फाईल वाशीमला, शेवटी बाल कल्याण समितीचा आदेश. प्रत्येक फेरीला एक मजुरी बुडते. म्हणून गुरुजी अशा बायकांचे कागद गावातच गोळा करतात आणि सगळ्यांना मिळून एकाच काळी-पिवळीनं पाठवतात.

कागदांत एक फोटोही लागतो, घरासमोर पालकासोबत मुलाचा. बाईंनी लुगडं बदललं. पोरगं मात्र बाहेर येईना. शेजारची पोरं गोळा झाली होती, आणि हा फोटो कशाचा ते त्यांना ठाऊक असणार, हे त्यालाही ठाऊक होतं. गुरुजींनी आधी त्या सगळ्या कळपाचा फोटो काढला, मग दोघा-दोघांचे, मग भावंडांचे. याची पाळी आली तेव्हा ती इतरांसारखीच एक पाळी होती.

वर्गात हे पोरगं वर्षभर मारामाऱ्या करत होतं. ते धाकट्या बहिणीसाठी खिचडी डब्यात लपवून नेतं, हे पहिल्यांदा स्वयंपाकी बाईंच्या ध्यानात आलं. पोरांवर लक्ष ठेवायला समित्या कमी नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात, ग्राम बाल संरक्षण समिती आहे, बालविवाह रोखायला ग्रामसेवक प्रतिबंध अधिकारी आहेत, शिक्षकांतून बालरक्षक नेमलेले आहेत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोरीचं लग्न परस्पर ठरत असेल तेव्हा ग्रामसेवकाच्या त्या पदाचाच धाक कामी येतो. पण समितीला डबा दिसत नाही. आणि पोराच्या मनाशी बोलणारा समुपदेशक जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो. फाईलला कार्यालयं आहेत, तिथवर ती कशीबशी पोचते. पोराच्या घुम्या रागासाठी गावात जो माणूस सापडेल तोच. इथं ती स्वयंपाकी बाईच होती. तिनं आता दोन पळ्या जास्त वाढायला सुरुवात केली आहे. यासाठी तिनं कुणाची मंजुरी घेतलेली नाही.

गुरुजींची बदली कधी ना कधी होणारच. मुख्याध्यापक बदलले की चार्जची यादी होते: कपाटं, चटया, वजनकाटा, शिल्लक तांदूळ किलोग्रॅमसकट. लांबट वही कुठल्याच यादीत बसत नाही. मी तसं म्हटलं तर गुरुजी म्हणाले, "म्हणून तर झेरॉक्स काढून ठेवली. एक आशाताईकडं, एक खिचडीवाल्या मावशीकडं. मावशीला वाचता येत नाही, तिची पोरगी नववीत आहे."